गिअरबॉक्सचं ऑइल: 'लाइफटाइम' म्हणजे कुणाचं लाइफटाइम?

इंजिन ऑइल कधी बदललं हे कारमालकाला विचारा, महिन्यासकट सांगेल. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं म्हणून विचारलं की उत्तर येतं, "ते वेगळं असतं का?" किंवा "सर्व्हिसिंगमध्ये करत असतील की." बहुतेक वेळा करत नसतात. वर्षाच्या सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेकची साफसफाई हे सगळं येतं. गिअरबॉक्सच्या ऑइलची पाळी काही वर्षांनी एकदा येते आणि तोवर गाडी अनेकदा दुसऱ्याच्या दारात उभी असते.

यात मालकाचा दोष कमीच. इंजिन ऑइलसाठी डॅशबोर्डवर लाल दिवा असतो, मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी तसा दिवा नसतो. इंजिनला डिपस्टिक असते, आजच्या बहुतेक गिअरबॉक्सना ती नसते. त्यात काही कंपन्या माहितीपुस्तकातच लिहून टाकतात की हे ऑइल 'लाइफटाइम' आहे, बदलायची गरज नाही.

हे लाइफटाइम कुणाचं, ते मात्र लिहिलेलं नसतं. जर्मनीची झेडएफ ही कंपनी जगातल्या कितीतरी महागड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. त्यातल्या काही गाड्या 'लाइफटाइम' ऑइल म्हणून विकल्या जातात. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला, किंवा फार तर ८ वर्षांनी, ऑइल बदला. गाडी विकणारा म्हणतो नको, गिअरबॉक्स बनवणारा म्हणतो बदला. मी बनवणाऱ्याचं ऐकेन. गाडी वॉरंटीत असताना हा प्रश्न सहसा डोकं वर काढत नाही. वॉरंटी संपल्यावर मात्र तो तुमचा होतो, किंवा तुमच्याकडून गाडी घेणाऱ्याचा.

या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे की गिअरबॉक्समधलं ऑइल हे नुसतं वंगण नसतं. दात, रिंगा आणि बेअरिंगइतकाच तो त्या यंत्राचा एक भाग असतो. गिअरबॉक्सच्या प्रत्येक प्रकारात त्याचं काम वेगळं असतं, म्हणून आधी आपल्या गाडीत कुठला गिअरबॉक्स आहे ते माहीत हवं. 'ऑटोमॅटिक आहे' एवढं उत्तर पुरत नाही, कारण भारतात ऑटोमॅटिक या एकाच नावाखाली चार अगदी वेगळी यंत्रं विकली जातात.

गिअर लागतातच कशाला?

पेट्रोल इंजिन साधारण आठशे-हजार आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) खाली नीट चालत नाही आणि सहा-साडेसहा हजारांच्या वर जाऊ शकत नाही. गाडीला मात्र शून्यापासून शंभराच्या पुढेपर्यंत धावायचं असतं. ही तफावत गिअर भरून काढतात. एका छोट्या हॅचबॅकचा हिशोब करून पाहू. पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण साडेतीन आणि पुढे डिफरन्शियलचं (जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरसंचाचं) चार धरलं, तर इंजिनाचे १४ फेरे होतात तेव्हा चाक एकदा फिरतं. पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.८ धरलं तर चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३.२ फेरे. चाकाचा घेर १.९ मीटर असेल, तर त्याच ३ हजार आरपीएमवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ताशी २४ किलोमीटरने आणि पाचव्यात ताशी १०७ किलोमीटरने जाते. पहिल्या गिअरमध्ये वेग जितका कमी, चाकावरचा जोर तितकाच जास्त. गिअरवाली सायकल चढावर चालवलेल्या कुणालाही हे पायांनीच समजलेलं असतं.

हा सगळा जोर दातांच्या लहानशा स्पर्शरेषेतून जातो. तिथला दाब इतका असतो की साधं तेल पिळून बाहेर फेकलं जाईल. म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती धातूवर एक पातळ, बळी जाणारा थर तयार करतात आणि झीज दातांऐवजी त्या थराची होते. जुन्या गिअर ऑइलचा तो उग्र वास याच गंधकाचा.

मॅन्युअल: एकाच ऑइलकडून दोन उलट मागण्या

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढे जाणाऱ्या गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. तुम्ही दांडा हलवता तेव्हा त्यातला कुठला गिअर शाफ्टशी जोडायचा एवढंच ठरतं. जोडण्याआधी दोघांचा वेग जुळावा लागतो आणि ते काम सिंक्रोनायझरची पितळी रिंग करते. ती गिअरच्या शंकूवर घासून वेग जुळवते. हे तंत्र १९२८ साली कॅडिलॅकने पहिल्यांदा गाडीत आणलं. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला डबल क्लच मारायला, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबायला, यावंच लागे. आपल्याकडे जुन्या ट्रकवाल्यांच्या पायात ती सवय अजूनही दिसते.

बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला मात्र सिंक्रोनायझर नसतो. त्यामुळे गाडी किंचित पुढे सरकत असताना रिव्हर्स टाकला की 'कर्रर' आवाज येतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन क्षण थांबा, मग टाका. आणि रिव्हर्समध्ये जी विशिष्ट कूं-कूं ऐकू येते ती सरळ कापलेल्या दातांमुळे. तो बिघाड नाही.

आता ऑइलची अडचण बघा. दातांना हवा जास्तीत जास्त निसरडेपणा. सिंक्रोनायझरच्या रिंगेला हवी पकड, नाहीतर ती घासून वेग जुळवणार कशी? दोघांची सोय एकाच ऑइलला करायची असते. म्हणूनच जीएल-४ आणि जीएल-५ या दर्जांतला फरक महत्त्वाचा ठरतो. जीएल-५ मुळात डिफरन्शियलमधल्या प्रचंड दाबासाठी आहे. त्यात दाब सोसणारी संयुगं जास्त असतात. ती पितळेला त्रास देऊ शकतात आणि रिंगेची पकडही कमी करतात. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून ऑइल भारी, असं समजून मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये जीएल-५ ओतणारे मेकॅनिक आहेत. महिनाभरात दुसरा-तिसरा गिअर कडकड करायला लागतो आणि मग गिअरबॉक्स उघडायची भाषा सुरू होते. माहितीपुस्तकात ७५डब्ल्यू-८० (हा ऑइलचा दाटपणा) जीएल-४ लिहिलं असेल तर तेच हवं. कंपनीने स्वतः जीएल-५ सांगितलं असेल तर अर्थात ते.

बदलायचं कधी? पुस्तकातला आकडा पहिला. पुस्तक गप्प असेल तर माझ्या मते ५० ते ६० हजार किलोमीटरला बदलून टाकावं. छोट्या गाडीत हे ऑइल दीड ते अडीच लिटर लागतं, फिल्टर सहसा नसतो आणि काम तासाभराचं असतं. पुढचा खर्च बघता याहून स्वस्त विमा नाही.

काम करून घेताना तीन गोष्टी बघा. एक, आधी ऑइल भरायचा प्लग उघडायचा आणि मग ऑइल सोडायचा प्लग. उलटं केलं आणि भरायचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने गॅरेजमध्ये अडकते. दोन, प्लगचा वॉशर नवा टाकायचा. तीन, चुंबक असलेला ड्रेन प्लग असेल तर तो पुसण्याआधी स्वतः बघा. त्यावर करड्या रंगाचा, मलमासारखा लेप असेल तर ती नेहमीची झीज. चकाकणारे तुकडे किंवा दाताचा कपचा दिसला तर नुसतं ऑइल बदलून भागणार नाही.

डावा पाय

खरं सांगायचं तर मॅन्युअल गाडीत ऑइलपेक्षा जास्त नुकसान डावा पाय करतो. क्लच प्लेट एका बाजूला इंजिनाच्या फ्लायव्हीलला आणि दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेटला दाबलेली असते. पूर्ण दाबलेली असताना घसरत नाही, पूर्ण सुटलेली असताना घासत नाही. झिजते ती फक्त मधल्या अवस्थेत, म्हणजे हाफ क्लचवर. आणि आपल्याकडे ड्रायव्हिंग शिकवताना हाफ क्लच हेच मुख्य कौशल्य म्हणून शिकवतात! चढावर सिग्नलला गाडी ब्रेकऐवजी क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या तोलावर धरून ठेवणारे लोक त्यात कसब दाखवत असतात, पण प्रत्येक सेकंदाला प्लेट जळत असते. त्यासाठी हँडब्रेक आहे.

दुसरी सवय, पाय क्लचवर नुसता टेकवून ठेवणं. तुम्हाला वाटतं दाबलेला नाही, पण क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर भार येतो आणि ते विनाकारण फिरत राहतं. क्लच दाबल्यावर गुरगुर येते आणि सोडल्यावर जाते, ती याच बेअरिंगची. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसण्यातही तोच प्रकार. न्यूट्रल करून पाय काढावा. दांड्यावर हात ठेवून गाडी चालवणंही सोडा. त्या हाताचं वजन आतल्या, गिअर सरकवणाऱ्या सिलेक्टर फोर्कवर जातं आणि तो फोर्क फिरत्या भागाला घासत राहतो.

क्लच संपत आलाय का, हे रिकाम्या रस्त्यावर सहज कळतं. ताशी ४०-५० वेगाने चौथ्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम एकदम वर गेला आणि वेग मागेच राहिला, तर प्लेट घसरतेय. घाटात गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, ही त्याची पुढची पायरी. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचं फ्लुइड म्हणजे ब्रेकचंच, डॉट ३ किंवा डॉट ४. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं.

क्लच बदलण्यात खरा खर्च मजुरीचा असतो, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला आणि इंजिनाचं मागचं ऑइल सील पाझरतंय का ते बघायला सांगा. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत या कामासाठी चाकांना जोडणारे ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात आणि त्याआधी गिअर ऑइल सोडावं लागतं. काही ठिकाणी ते ट्रेमध्ये धरून परत ओततात. नवं टाकायला आधीच सांगा, बिलावर ग्रेडसकट.

एएमटी: रोबोचा हात असलेली मॅन्युअल

२०१४ साली मारुतीने सेलेरियोत एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आणली आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आत गिअरबॉक्स मॅन्युअलच, क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला ॲक्च्युएटर, म्हणजे यांत्रिक हात, लावलेले. त्यामुळे वर क्लचबद्दल जे सांगितलं ते इथेही लागू होतं. फरक इतकाच की हाफ क्लच तुमच्याऐवजी संगणक करतो आणि तुम्हाला ते जाणवत नाही. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकत राहिलात की प्लेट झिजते. पुढे दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग हला. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवणं तर एएमटीत सर्वांत वाईट.

प्लेट झिजली की ती जिथे पकडायला सुरुवात करते ती जागा बदलते. संगणकाला ती नव्याने शिकवावी लागते. स्कॅनर जोडून हे काम दहा-पंधरा मिनिटांत होतं. एएमटी अचानक झटके द्यायला लागली तर क्लच बदलायला होकार देण्याआधी हे करून बघायला सांगा. ॲक्च्युएटर हायड्रॉलिक असेल तर त्याचं फ्लुइड वेगळं असतं, त्याची पातळीही बघायला हवी.

टॉर्क कन्व्हर्टर: इथे ऑइलच सगळं करतं

ही जुनी, खरीखुरी ऑटोमॅटिक. जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक आणली, तिचीच ही पुढची पिढी. आज ब्रेझा आणि एर्टिगापासून मोठ्या एसयूव्हीपर्यंत हा प्रकार आहे. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लच प्लेट नसते, तिच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. एक पंखा ऑइल फेकतो, समोरचा पंखा त्या धारेने फिरतो आणि मधला तिसरा भाग ती धार योग्य कोनात परत वळवतो. सुटताना यामुळे जोर जवळपास दुप्पट होतो, म्हणून या गाड्या चढावर इतक्या मऊ सुटतात.

म्हणजे इथलं ऑइल ताकद वाहून नेतं. शिवाय गिअरबॉक्सच्या आतले, गिअर बदलणारे क्लच त्याच्याच दाबाने बंद होतात, उष्णता तेच बाहेर काढतं, दातांना वंगणही तेच देतं, आणि क्लचच्या चकत्यांमध्ये नेमकी किती पकड राहावी हेही त्याच्या रसायनावर ठरतं. या शेवटच्या कामासाठी अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळत असत! व्हेलच्या तेलावर बंदी आल्यावर ऑइल कंपन्यांना पर्याय शोधताना बराच घाम गाळावा लागला.

अशा ऑइलचा खरा शत्रू उष्णता. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइल खराब व्हायचा वेग दुप्पट होतो. नवं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) बहुधा लालसर आणि पारदर्शक असतं. जुनं होताना ते तपकिरी होतं, तेवढ्याने घाबरू नये. काळं पडलं आणि जळका वास आला तर मात्र आतल्या चकत्यांचं अस्तर जळतंय.

बदलताना दोन अडचणी येतात. पहिली, प्लग उघडल्यावर सगळं ऑइल बाहेर येत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. समजा एका वेळी ४० टक्के निघालं. एकदा बदलल्यावर ४० टक्के नवं, थोडं चालवून दुसऱ्यांदा बदललं की ६४ टक्के, तिसऱ्यांदा ७८ टक्के. मशीन लावून दाबाने फ्लश केलं तर एकाच वेळी जवळपास सगळं बदलतं, पण दीड लाख किलोमीटर कधीच न बदललेल्या गिअरबॉक्सवर हा प्रयोग करू नये असं माझं मत आहे. साचलेला गाळ उठून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत जाऊ शकतो. अशा गाडीला दोन-तीन वेळा सावकाश सोडून भरणंच बरं. तळाचा पॅन उतरत असेल तर फिल्टर बदलून चुंबकही पुसायचे; काही गाड्यांत पॅन आणि फिल्टर मिळून प्लॅस्टिकचा एकच भाग असतो, तो अख्खा बदलावा लागतो.

दुसरी अडचण पातळीची. गरम झाल्यावर ऑइल फुगतं, म्हणून पातळी ठराविक तापमानालाच बघायची असते. झेडएफच्या गिअरबॉक्सना ते साधारण ३० ते ५० अंश असतं, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तापमान वाचत. जो मेकॅनिक स्कॅनर न जोडता 'अंदाजाने भरलंय साहेब' म्हणतो, त्याच्याकडे हे काम देऊ नका. अर्धा लिटर कमी पडलं तरी पंप हवा ओढतो.

सीव्हीटी आणि डीसीटी

होंडा सिटी, अमेझ, मॅग्नाइट यांच्यात मिळते ती सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेली ऑटोमॅटिक. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्यांवर चालणारी अशी गाडी काढली होती. आज तिथे पोलादी पट्टा असतो आणि तो दोन पुल्यांमध्ये दाबून धरलेला असतो. पुल्या रुंद-अरुंद होतात तसं गुणोत्तर बदलतं, म्हणून गिअर बदलल्याचा झटका नाही. गंमत अशी की पोलाद पोलादावर ऑइलमध्ये बुडालेलं असूनही घसरता कामा नये. ही पकड सीव्हीटी फ्लुइडच्या रसायनामुळे मिळते. त्यात साधं एटीएफ टाकलं तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे पडतात आणि मग गिअरबॉक्स दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. होंडाचं फ्लुइड होंडात, निसानचं निसानमध्ये. इथे 'सगळ्यांना चालणारं' ऑइल घेऊ नये.

डीसीटीत (ड्युअल क्लच ट्रान्समिशन) दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७, दुसऱ्यावर २, ४, ६. पुढचा गिअर आधीच तयार असतो. हे क्लच कोरडे असतील, जसे व्हेन्यूमध्ये, तर ते एएमटीसारखेच ट्रॅफिकमध्ये तापतात. ऑइलमध्ये बुडालेले असतील, जसे अल्ट्रोजमध्ये, तर ते थंड राहतात, पण झिजेची भुकटी ऑइलमध्येच मिसळते. म्हणून ओल्या क्लचच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेळेवर बदलणं भागच असतं. फोक्सवॅगनच्या सहा गिअरवाल्या डीएसजीला (डीसीटीला त्यांनी दिलेलं नाव) तर कंपनीनेच ६० हजार किलोमीटरची मुदत दिलेली आहे.

ऑइल हा यंत्राचा भागच असतो, याचा पुरावा याच कंपनीने नकळत दिला. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये फोक्सवॅगनने जगभरातून सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरण्यासाठी! उष्ण, दमट हवेत आणि सतत थांबत-चालत राहणाऱ्या ट्रॅफिकमध्ये त्या सिंथेटिक ऑइलमुळे आतल्या विजेच्या भागांत बिघाड होत होता. महाग तेच चांगलं, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पाऊस, घाट आणि टोचन

गिअरबॉक्सला श्वास घ्यायला एक छोटी नळी असते, ब्रीदर. तापलेली गाडी गुडघाभर पाण्यात शिरली की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडी चालू राहते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. महिन्याभराने बेअरिंग गंजून आवाज करू लागतं. पाणी चाकाच्या मध्याच्या वर गेलं असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल थोडं काढून बघा. बोलेरो-स्कॉर्पिओसारखी मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर मागच्या डिफरन्शियलचंही, कारण तिथे ऑइल वेगळं असतं. ते दुधाळ दिसलं तर लगेच बदला. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल गुलाबी दुधाळ झालं आणि पूर तर आलाच नव्हता, तर रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटून कूलंट मिसळलेलं असू शकतं. ही गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या चकत्यांचं अस्तर सोडवतं.

घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं, ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली. आजच्या इंजिनात गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून थोडं जळतच राहतं. ब्रेक तापतात तो तोटा वेगळाच. खंडाळा असो की कसारा, ऑटोमॅटिक गाडीत एल, टू किंवा मॅन्युअल मोड उतरणीसाठीच दिलेला असतो.

आणि टोचन. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद ठेवून गाडी दोरीने ओढली तर चाकं आतले भाग फिरवतात आणि त्यांना ऑइल मिळत नाही. टोचनवाला "न्यूट्रल करा, काही होत नाही" म्हणेल. अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेडच मागवा. धक्का मारून तर ही गाडी सुरू होतच नाही.

रोजच्या सवयींपैकी एकच सांगतो, कारण ती फार जणांना ठाऊक नसते. उतारावर ऑटोमॅटिक उभी करताना पी (पार्क) टाकून पाय काढला की अख्ख्या गाडीचं वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर येतं. आधी ब्रेक, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक ओढून पाय सैल करा, गाडी स्थिर झाली की पी.

जुनी गाडी घेताना

इंजिन थंड असतानाच बघायला जा, मालकाला आधी तापवून ठेवू देऊ नका. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून पी, आर, डी असं हळूहळू फिरवा. गिअर लागायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा धप्पकन झटका बसला तर किमतीची बोलणी थांबवा. सीव्हीटीत सुटताना थरथर आणि वेगाबरोबर वाढणारी कूं शोधा. मॅन्युअलमध्ये तिसऱ्यावरून पटकन दुसरा टाकून बघा, सिंक्रोनायझर सगळ्यात आधी तिथेच रडतो. नंतर गाडी गरम झाल्यावर हेच पुन्हा, कारण पातळ झालेल्या ऑइलमध्ये वेगळे रोग दिसतात. खाली वाकून ड्राइव्ह शाफ्टच्या तोंडाशी ओलावा आहे का बघा. तिथलं सील पाझरत असेल तर ऑइल वर्षभर थेंबथेंब कमी होत राहतं.

इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणजे यातून सुटका झाली असंही नाही. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत गिअर एकच असला, तरी मोटरचा प्रचंड वेग चाकांना सोसेल इतका कमी करणारे दात आणि डिफरन्शियल तिथेही आहेत, आणि ते ऑइलमध्येच फिरतात. सर्व्हिसच्या तक्त्यात त्या ऑइलची ओळ कितव्या किलोमीटरला आहे, ते गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवा.